सिस्टर आणि काळं इंजिन

सिस्टर कुठल्याही गोष्टीला आधी हाताची मागची बाजू लावायच्या. चहाचा कप असो, बाळाचं कपाळ असो, नाहीतर लशीचा निळा डबा असो. तळहातावर त्यांचा भरवसा नव्हता. "तळहात खोटं बोलतो भाऊ, कामानं जाड झालेला असतो," असं त्या म्हणायच्या. मग मान किंचित तिरकी करायच्या, क्षणभर गप्प राहायच्या आणि निकाल द्यायच्या. निकाल बहुतेक वेळा एकच असायचा.

"मला नाय पटत."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. भाजीवाल्यानं आपणहून कोथिंबीर जास्त दिली, तर ते ती जुडी उलटी करून बघतं. सिस्टर जुडी तर बघायच्याच, वर भाजीवाल्यालाही विचारायच्या, "आज काय झालं रं तुला? बरा हायस ना?"

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन आहे. आलेलं रक्त, आलेली थुंकी तपासायची आणि निकाल कागदावर लिहून द्यायचा, एवढंच माझं काम. सिस्टर आमच्या केंद्राखालच्या एका उपकेंद्राच्या नर्स. राहायला कर्जतच्या भिसेगावात, नोकरी खालापूरच्या बाजूला. मीही कर्जतचाच, त्यामुळे सकाळी पळसदरीच्या रस्त्यावर आमची गाठ हमखास पडायची. पंजाबी ड्रेस, वर पांढरा कोट, ओढणीची गाठ पाठीमागे घट्ट मारलेली आणि बुडाखाली नवऱ्याची जुनी मोटारसायकल. पन्नाशी ओलांडलेली बाई त्या गाडीवर इतकी ताठ बसलेली असायची, की समोरून येणारे टेंपोवाले उगाचच रस्त्याची कड धरायचे.

त्यांच्या संशयाचा आम्हाला त्रास होता आणि उपयोगही होता. एकदा लशीची गाडी उशिरा आली. ड्रायव्हर खोपोलीच्या शिळफाट्याला वडे खायला थांबला होता, हे त्याच्या शर्टावरच्या तेलावरून सिस्टरांनी ओळखलं. डबा उघडून बर्फाच्या पिशव्यांना हाताची मागची बाजू लावली. आत बर्फ उरला नव्हता, नुसतं पाणी हलत होतं.

"परत ने."

"सिस्टर, सगळे घेतात हो असंच."

"सगळ्यांच्यात मी नाय. परत ने, आन् येताना खायला थांबू नको."

तो पाय आपटत गेला आणि नवा डबा घेऊन आला. दारू सोडली म्हणून सांगणाऱ्या माणसाला त्या रस्त्यात उभं करून "फू कर" म्हणायच्या. बाळाला डोस दिलाय असं सांगणाऱ्या आईला "दाखव मांडी" म्हणायच्या. वाड्यांवरच्या बाया त्यांना घाबरायच्या, पण बाळ तापलं की पहिला निरोप त्यांनाच जायचा. जो सहज फसत नाही त्याच्या हातात आपलं लेकरू द्यायला माणसाला बरं वाटत असावं.

पण संशय काही कोटाबरोबर खुंटीला टांगून ठेवता येत नाही. तो घरी येतो.

त्यांचे यजमान साजगावच्या एका कारखान्यात फिटर होते. लग्नानंतर त्यांनीच बायकोला मोटारसायकल शिकवली. भिसेगावात तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली म्हणतात. यजमान आजारी पडले आणि काही महिन्यांत गेले. मूलबाळ नव्हतं. राहिली ती गाडी आणि एक धाकटा दीर.

दिराचं शिळफाट्याला गाड्या रंगवायचं दुकान. रिक्षा, टेंपो, कधी एखादी शाळेची बस. सिस्टर लग्न होऊन आल्या तेव्हा हा चड्डीत फिरणारा पोरगा होता, म्हणून अजून अरे-तुरे. दिसायला हसरा, बोलायला गोड. सिस्टरांच्या दृष्टीनं हाच त्याचा पहिला दोष.

"जो माणूस सारखा हसतो, भाऊ, तो कशावर तरी पांघरूण घालत असतो," त्या मला म्हणाल्या होत्या.

मोठा भाऊ गेल्यानंतर त्यानं एकदा विचारलं होतं, "वैनी, गाडी जुनी झाली. विकून टाकू या का? तुम्हाला स्कूटर बरी पडेल." सिस्टरांनी ते वाक्य मनात ठेवून दिलं. दिराचा गाडीवर डोळा आहे, हे त्यांचं तेव्हापासून ठाम झालं.

मग त्यांना प्रशिक्षणासाठी अलिबागला जायचं आलं. गाडीचे ब्रेक लागत नव्हते, म्हणून जाताना त्यांनी नाइलाजानं ती दिराच्या दुकानात सोडली. परत आल्या तेव्हा मी बरोबर होतो, कारण खोपोलीपर्यंत त्या माझ्याच गाडीवर मागे बसून आल्या होत्या. दुकानासमोर गाडी उभी होती. आधी मला ती ओळखूच आली नाही. टाकी लालभडक, चाकाच्या तारा चकचकीत, आणि सगळं इंजिन काळंभोर. आधीचं ते उघड्या धातूचं, धुळीनं राखाडी झालेलं इंजिन आता नव्या तव्यासारखं दिसत होतं.

दीर हात पुसत बाहेर आला. चेहरा फुलला होता.

"कशी वाटली, वैनी?"

सिस्टर गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. "ब्रेक सांगितले होते. हे काय केलंस रं?"

"ब्रेक पण केले. हे माझ्याकडनं."

"मी मागितलं होतं का?"

तो हसला. खरं म्हणजे तो तिथेच हसायला नको होता. सिस्टरांनी गाडी चालू केली, जरा वेळ तशीच ठेवली आणि वाकून इंजिनाजवळ हाताची मागची बाजू नेली. मान तिरकी झाली.

"तापतंय."

"इंजिन हाय वैनी, तापणारच."

"इतकं नाय तापायचं."

त्या दिवसापासून आमच्या केंद्रात एकच विषय झाला. रोज सकाळी सिस्टर येऊन सांगायच्या, की नडगीला झळ लागते, चढाला दम खाते, वास येतो. कारण एकच, काळा रंग. शिपायानं लगेच साथ दिली. काळी छत्री उन्हात कशी तापते, तसंच हे, असं त्याचं म्हणणं. आमचे तरुण डॉक्टर म्हणाले, कंपन्या स्वतःच कितीतरी इंजिनं काळी रंगवून विकतात, त्या काय वेड्या आहेत? काळा रंग उष्णता बाहेर टाकायला उलट मदत करतो. सिस्टरांनी दोघांचंही ऐकून घेतलं.

"छत्री उन्हात असते, इंजिन माझ्या पायात असतं. आन् कंपनी फॅक्टरीत रंगवते, ह्यानं शिळफाट्याला रंगवलंय. मला तुमचं कुणाचंच नाय पटत."

पुराव्याशिवाय बोलणाऱ्या त्या नव्हत्या. कोविडच्या वेळी आलेल्या, कपाळावर धरायच्या तापमापक बंदुका आमच्या कपाटात पडून होत्या. एके दुपारी सिस्टरांनी त्यातली एक काढली, बाहेरून नुकत्याच आलेल्या आपल्या गाडीसमोर उकिडव्या बसल्या आणि इंजिनावर रोखली. माणसाच्या तापापलीकडे मोजायची त्या बंदुकीची ऐपत नाही. पडद्यावर आकड्याऐवजी इंग्रजीत नुसतं ‘हाय’ उमटलं.

"बघा!" सिस्टर ओरडल्या. "तापलंय का विचारलं, तर मशीन पण म्हणतंय, हाय!"

सगळं केंद्र हसलं. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या गाडीवरही बंदूक रोखली. माझी गाडी त्याच बनावटीची, तेवढीच जुनी, इंजिन न रंगवलेलं. तीही ‘हाय’ म्हणाली. सिस्टरांनी बंदूक माझ्या हातात दिली. "हिच्यात बॅटरी नीट नसेल," म्हणाल्या.

हसण्यावारी नेण्यासारखं हे तोवरच होतं. पण पुढच्याच आठवड्यात वरच्या वाडीच्या चढावर, लशीचा डबा मागे बांधलेला असताना, गाडी मधेच बंद पडली. सिस्टरांनी किका मारून पाहिल्या. इंजिनाजवळ हात नेववत नव्हता. मग डबा खांद्याला अडकवून त्या पायी वर गेल्या, पोरांना डोस दिले, खाली आल्या आणि इंजिन निवायची वाट बघत दगडावर बसल्या.

तिथे बसल्या बसल्या त्यांना ते दिसलं. म्हणजे, दिसलं नाही.

आपल्या गाड्यांच्या इंजिनाच्या अंगावर एकावर एक पातळ पट्ट्या असतात, वाऱ्यानं इंजिन थंड राहावं म्हणून. सिस्टरांच्या गाडीच्या इंजिनाची एक पट्टी कोपऱ्यात तुटलेली होती. फार वर्षांपूर्वी यजमानांच्या हातून गाडी दगडावर पडली होती, तेव्हाची. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा गेलेला. सिस्टर त्या बाजूला वाकल्या. कोपरा अखंड होता. एकसारख्या, काळ्या, गुळगुळीत पट्ट्या, कुठेही तुटकं काही नाही.

दुसऱ्या दिवशी त्या लॅबमध्ये आल्या, दार लोटून घेतलं आणि स्टुलावर बसल्या. चेहरा उतरला होता.

"भाऊ, हे इंजिन आमच्या ह्यांचं नाय."

"म्हणजे?"

"त्यानं बदललं. आमचं काढून घेतलं आन् कुठलं तरी भंगारातलं बसवलं. म्हणून रंग. रंग लपवायला असतो, भाऊ. फुकट कोण रंग लावतं?"

मी समजावायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मलाही ते खरं वाटायला लागलं आहे. संशय खोकल्यासारखा असतो, जवळ बसलेल्याला लागतो. मला दिराचं ते हसू आठवलं. ब्रेक सांगितले असताना एवढा खटाटोप त्यानं का करावा? विकून टाकू या, असं तो आधीच म्हणाला होता. तुकडे एकमेकांना नीट बसत होते.

"विचारा ना त्याला सरळ," मी म्हटलं.

"विचारलं की तो हसंल. मग मला कळायचं नाय, खरं काय ते."

त्यांनी विचारलं नाही. बोलणं बंद केलं. आणि नेमकं त्याच सुमारास दिराच्या मुलीचं लग्न ठरलं.

ही मुलगी सिस्टरांच्याच हातांत जन्मली होती. खोपोलीहून दवाखान्याकडे जाताना टेंपोतच जावेला कळा आवरेनात, तेव्हा सिस्टरांनी टेंपो कडेला घ्यायला लावून, ताडपत्री ओढून, तिथेच तिला बाहेर काढलं होतं. पोरगी त्यांना ‘मोठी आय’ म्हणायची. दर रविवारी भिसेगावला येऊन त्यांच्याकडे जेवायची.

दीर साखरपुड्याचं सांगायला पेढे घेऊन उपकेंद्रात आला. मी रक्ताचे नमुने न्यायला तिथेच आलो होतो.

"जयभीम, वैनी. रविवारी हाय, विहाराच्या हॉलात. तुम्हाला सकाळपासून यावं लागेल."

सिस्टर डोस काढत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "रविवारी माझी ड्युटी हाय."

"रविवारी?"

"हाय म्हणते ना."

 पहिल्यांदाच मी त्याला न हसताना बघत होतो. "वैनी, पोरगी दोनदा येऊन गेली म्हणते तुमच्या दारात. कुलूप होतं. काय चुकलं का आमचं?"

"तुलाच माहीत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नमुन्यांच्या बाटल्या मोजल्यासारखं केलं. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून तो गेला. सिस्टरांनी पुडा उघडलासुद्धा नाही. वाडीवरच्या आशा कार्यकर्त्या आल्या तेव्हा तो त्यांच्याकडे सरकवला आणि बराच वेळ हात धूत राहिल्या.

मला ते बघवेना. माझा एक मित्र साजगावच्या कारखान्यात मेंटेनन्सला सुपरवायझर आहे. त्याच्याकडे यंत्रांचं तापमान मोजायची खरी बंदूक असते. मी सिस्टरांना म्हटलं, एकदा नीट तपासून तरी घेऊ. तुम्ही रिपोर्ट बघितल्याशिवाय आजार मानत नाही, मग इथेच का मानता? हे वाक्य त्यांना लागलं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, आम्ही दोघं आपापल्या गाड्यांवर कर्जतहून निघालो, एकाच वेगानं, मागे-पुढे, आणि साजगावला मित्राच्या दारात उभे राहिलो.

सिस्टरांनी आधी मित्राची चौकशी केली. कंपनी काय बनवते, बंदूक कुणी दिली, शिळफाट्याच्या रंगवाल्याशी ओळख आहे का. तो नाही म्हणाला. मग त्यांनी मोजायची परवानगी दिली.

त्यानं दोन्ही इंजिनांवर बंदूक धरली. सिस्टरांचं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेलं निघालं.

"झालं!" त्या म्हणाल्या. "आता बोला."

मित्र मात्र डोकं खाजवत होता. "थांबा मावशी. ही बंदूक उघड्या धातूवर फसते. चकचकीत धातू असला की तो आहे त्याहून थंड दाखवते. काळ्यावर बरोबर दाखवते. म्हणजे तुमचं जास्त आहे का ह्यांचं कमी दिसतंय, हे असं नाही कळणार."

"म्हणजे मशीन पण खोटं बोलतं?"

"खोटं बोलत नाही, फसतं."

 हा फरक सिस्टरांनी कधी केला नसावा.

मित्रानं कारखान्यातला, उष्णता सोसणारा काळा रंग आणला आणि दोन्ही इंजिनांवर एकाच जागी एक-एक ठिपका लावला. वाळेपर्यंत त्याच्या बायकोनं चहा दिला. सिस्टरांनी कपालाही हाताची मागची बाजू लावली. मग आम्ही खालापूरपर्यंत जाऊन परत आलो, आणि त्यानं फक्त ठिपक्यांवर मोजलं.

आता माझ्या इंजिनाचा आकडा वर आला होता. तरी सिस्टरांचं थोडं जास्तच होतं.

"एवढा फरक रंगानं नाही पडत," मित्र म्हणाला. "पातळ थर असला तर पडून न पडल्यासारखा. उभ्या गाडीत काळा रंग उलट चांगलाच. लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, थर चढवून पट्ट्यांमधल्या फटी बुजवल्या, तर पांघरूण घातल्यासारखं होईल. पण तुमच्या फटी मोकळ्या आहेत. मला दुसरंच वाटतंय."

त्यानं गाडी चालू केली, कान जवळ नेला आणि कार्बोरेटर जिथे इंजिनाला जोडलेला असतो तिथल्या रबरावर तेलाचे थेंब सोडले. धापा टाकल्यासारखा येणारा आवाज क्षणभर सरळ झाला आणि पुन्हा बिघडला.

"हे बघा. रबर चिरलंय. इथून वारा आत शिरतो. पेट्रोल कमी, हवा जास्त, की इंजिन तापतं. बंद पडतं ते ह्यानंच."

"त्यानं चिरलं?"

"नाही हो. हे वयानं कडक झालंय. रंगवताना काढलं-घातलं त्यात थोडं वाढलं असेल. पण चीर जुनी आहे, आत बघा, काळी पडलीय. रंगाच्या आधीपासून गाडी तापतच असणार. तुम्ही तेव्हा कधी हात लावून बघितला होता?"

साधा प्रश्न होता.  ज्या बाईनं सरकारी बर्फावर भरवसा ठेवला नाही, दवाखान्यातल्या चहावर ठेवला नाही, तिनं या गाडीला कधी हात लावून पाहिला नव्हता.

"ह्यांची गाडी होती," त्या म्हणाल्या. "कशाला बघू?"

मग टाकीवरून हात फिरवत, "दर रविवारी ते सगळं खोलून पुसायचे. ते गेल्यावर कुणी नाय खोललं."

 मी विचारलं, "आणि ती पट्टी?" खरं तर मला आता त्या प्रश्नाची भीती वाटत होती. इंजिन निवल्यावर मित्रानं चिंधी थिनरमध्ये बुडवली आणि सिस्टरांनी बोट ठेवलेला कोपरा घासायला घेतला. काळा रंग चिंधीवर आला. खाली राखाडी काहीतरी लागलं. धातू नव्हता तो. भरणा होता, घासून घासून पट्टीच्या आकाराचा केलेला. सिस्टरांनी त्याच्या हातातून चिंधी घेतली, ओढणीच्या टोकाला बांधलेली घराची किल्ली सोडली आणि तिच्या टोकानं तो भरणा हळूहळू खरवडला. एक कण निघाला, मग दुसरा. खाली तुटलेली कड लागली, वाकडी, जुनी. त्यांनी तिच्यावर बोट फिरवलं. या वेळी बोटाची पुढची बाजू.

"हेच हाय," त्या म्हणाल्या. "हेच इंजिन हाय."

 त्या तशाच उठल्या, गाडी चालू केली आणि कुणाला न सांगता शिळफाट्याच्या दिशेनं निघाल्या. चिरलेल्या रबरासकट. मी मागोमाग गेलो.

दीर एका टेंपोच्या पाठीवर पिवळा पट्टा मारत होता. वहिनीला बघून त्यानं हातातला ब्रश खाली ठेवला. सिस्टरांनी गाडी त्याच्यासमोर आडवी लावली आणि खरवडलेल्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"ही पट्टी कशाला भरलीस रं?"

त्यानं वाकून बघितलं. आपलं काम खरवडलेलं बघून त्याचा चेहरा पडला. "दादानं सांगितलं होतं."

"कधी?"

"नेहमीच म्हणायचा. तुमच्या हातात गाडी देताना पडली, त्याला ते खटकायचं. दवाखान्यात शेवटी भेटलो तेव्हा पण बोलला. म्हणाला, तेवढी पट्टी नीट करायची राहिली, तिला नीट करून दे. मला लय दिवस जमलं नाय. तुमी अलिबागला गेल्या, मग म्हटलं करून टाकू. नुसती पट्टीच रंगवली असती तर ठिगळ दिसलं असतं, म्हणून सगळं काळं केलं."

"मग सांगितलं का नाय मला?"

दीर कसंनुसं हसला. "सांगितलं असतं तर तुम्हाला पटलं असतं, वैनी?"

  मला वाटलं, आता सिस्टर रडतील, किंवा त्याला जवळ घेतील, किंवा निदान चुकलं म्हणतील. तुम्हालाही तसंच वाटत असेल, तर तुम्ही सिस्टरांना ओळखलेलं नाही.

"भरणा काढून टाक," त्या म्हणाल्या. "तुटकी होती तीच बरी. मला ओळखता येत नाय असली."

 तो मान हलवून आत गेला, तारेचा ब्रश घेऊन आला आणि खाली बसून आपलंच काम घासायला लागला. सिस्टर त्याच्या शेजारी उकिडव्या बसल्या. किती तरी वेळ ब्रशाचा आवाज येत होता. मधेच त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी किती वाजता यायचं?"

त्यानं मान वर केली नाही. "लवकर या वैनी. पोरगी काल जेवली नाय."

दुसऱ्या दिवशी मीही गेलो होतो. विहाराच्या हॉलात सिस्टर निळ्या साडीत पुढे बसल्या होत्या, मुलीला एका हातानं धरून. नवरा मुलगा पाया पडायला आला, तर त्याचा हात धरून त्यांनी खालची पापणी ओढून पाहिली. "रक्त कमी वाटतंय. सोमवारी ये, आमचे लॅबवाले भाऊ तपासतील." मुलगा घाबरून हो म्हणाला. आणि सोमवारी खरंच आला. रक्त चांगलं होतं. मी रिपोर्ट दिला तो सिस्टरांनी उजेडात धरून वाचला.

रबर मित्रानं बदललं. गाडी तापायची थांबली. काळा रंग तसाच राहिला, फक्त एका कोपऱ्यात उघडा धातू चमकायचा. सिस्टर निवृत्त झाल्यावर भिसेगावचं घर बंद करून शिळफाट्याला दिराच्या वरच्या खोलीत राहायला गेल्या. तिथे रंगाच्या डब्यांवरची तारीख बघून त्या दुकानदारांशी भांडायच्या, असं दीर कौतुकानं सांगायचा. तिथेच, साध्याशा तापाचं निमित्त होऊन, त्या गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वाड्यांवरच्या बाया एवढ्या आल्या होत्या, की बसायला सतरंज्या पुरल्या नाहीत.

मला मात्र त्या दिसतात त्या पुतणीच्या लग्नाच्या आधीच्या एका संध्याकाळी. सासरी जाण्याआधी पोरीला गाडी यायलाच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. साजगावच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर रोज शिकवणी चालायची. मी कामावरून परतताना थांबलो होतो. पोरगी दोनदा अडखळली, दीर हसला, सिस्टरांनी दोघांनाही झापलं. तिसऱ्यांदा गाडी सुटली ती सुटलीच. ओढणी उडवत पोरगी सरळ गेली, वळणावरून दिसेनाशी झाली. मागे धावत गेलेल्या सिस्टर रस्त्याच्या मधोमध थांबल्या.

"गेली ती, वैनी," दीर म्हणाला. "चला, कडेला या. परत येईल."

सिस्टरांनी हात वर करून त्याला गप्प केलं. मान किंचित वळवली होती, डोळे मिटले होते.

"आवाज येतोय अजून," त्या म्हणाल्या.

मला तर केव्हाचंच काही ऐकू येत नव्हतं.